सीएनसीवर सर्किट बोर्ड कोरताना: सगळा खेळ उंचीचा

नेहमीच्या कोऱ्या सर्किट बोर्डवर तांब्याचा थर ३५ मायक्रॉनचा असतो, म्हणजे ०.०३५ मिमी. तोच बोर्ड सीएनसी मशीनच्या, म्हणजे संगणकाच्या हुकमाने फिरता बिट (कोरायचं हत्यार) चालवणाऱ्या मशीनच्या, बेडवर बसवून एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत उंची मोजली, तर ०.२ मिमीचा फरक सहज निघतो. जो थर कापायचा त्याच्या पाच-सहापट तर नुसता बोर्डाचा वाक! माझे पहिले तीन बोर्ड अर्धे खोल कोरलेले आणि अर्धे नुसते ओरखडलेले निघाले. मी आधी बिटला दोष दिला, मग मोटरला, मग सॉफ्टवेअरला. चूक झेड अक्षात, म्हणजे वर-खाली होणाऱ्या चालीत होती. म्हणून या लेखात डिझाइनपासून सोल्डरिंगपर्यंत सगळं आहे, पण उंचीच्या भागावर मी जरा जास्तच रेंगाळणार आहे.

पद्धत अशी: नको असलेलं सगळं तांबं काढायचं नाही. प्रत्येक ट्रॅकभोवती (भागांना जोडणाऱ्या तांब्याच्या वाटेभोवती) एक बारीक चर कोरायचा, म्हणजे तो ट्रॅक उरलेल्या तांब्यापासून सुटा होतो. मग त्याच मशीनवर भोकं पाडायची आणि शेवटी बोर्ड कापून मोकळा करायचा. तांबं विरघळवायच्या फेरिक क्लोराइडचे डाग नाहीत, हाताने ड्रिल करताना होणारी सरकासरक नाही. त्याबदली धूळ आणि आवाज. शिवाय भोकांच्या आतून तांब्याचा मुलामा मिळत नाही आणि हिरवा सोल्डर मास्क, म्हणजे सोल्डरची जागा सोडून बाकीचं तांबं झाकणारा लेप, आपोआप येत नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. घरातल्या मेन्स पुरवठ्याला थेट जोडायचा बोर्ड असा कोरू नका. ०.२ मिमीचा चर पाच-बारा व्होल्टना पुरतो, मेन्सला अजिबात नाही. शिवाय या पद्धतीत तांब्याची बेटं जागोजागी उरतात, आणि त्यांतलं एखादं कुठून जिवंत होईल ते डोळ्यांना दिसत नाही.

सामान

मशीन म्हणून ३०१८ नावाने मिळणारं छोटं सीएनसी पुरेसं आहे. नावातले आकडे बेडचे: ३०० मिमी बाय १८० मिमी. आत मशीन चालवणारं, बहुधा जीआरबीएल नावाचं फर्मवेअर असतं, स्पिंडलला (बिट फिरवणाऱ्या भागाला) ७७५ आकाराची डीसी मोटर आणि बिट पकडणारं ईआर११ कोलेट. मोटरचे फेरे मिनिटाला आठ-दहा हजार. बारीक बिटसाठी हे कमीच, पण चाल हळू ठेवली तर काम होतं.

मशीनमध्ये दोनच गोष्टी तपासून घ्या. पहिली, बिट फिरताना लंगडतोय का. कोलेट आणि नट पेट्रोलने किंवा अल्कोहोलने पुसा, बिट बसवा, स्पिंडल हाताने फिरवा आणि भिंगातून टोकाकडे बघा. टोक एका जागी गोल फिरण्याऐवजी छोटं वर्तुळ काढत असेल, तर त्या वर्तुळाच्या व्यासाइतका तुमचा चर जास्त रुंद होणार. बिट कोलेटमध्ये थोडा फिरवून परत आवळला की बरेचदा फरक पडतो. दुसरी गोष्ट म्हणजे अक्षांमधला ढिलेपणा. बोर्डवर एक भोक पाडा, मशीन डावीकडे ५० मिमी नेऊन परत आणा आणि त्याच जागी बिट पुन्हा उतरवा. मग तेच उजवीकडे नेऊन करा. भोक लांबट झालं तर लीडस्क्रूचा (अक्ष सरकवणाऱ्या स्क्रूचा) नट ढिला आहे.

बिट तीन प्रकारचे लागतात: चर कोरायला टोकदार व्ही-बिट, ०.८ आणि १ मिमीचे कार्बाइड ड्रिल, आणि कडा कापायला १.५ किंवा २ मिमीचा एंडमिल (बाजूनेही कापणारा बिट). दांडा बहुतेकांचा ३.१७५ मिमी, म्हणजे एक अष्टमांश इंच. त्याच मापाचं कोलेट हवं. व्ही-बिट एकच विकत घेऊ नका. पहिल्या महिन्यात चार तरी मोडणार हे गृहीत धरा.

बोर्डाचा कच्चा माल दोन जातीचा. एफआर४ म्हणजे काचतंतू आणि इपॉक्सी. मजबूत, उष्णता सोसणारा, पण बिटची धार झपाट्याने खातो आणि त्याची धूळ काचेची असते. एफआर१ किंवा एफआर२ म्हणजे कागद आणि फिनॉलिक राळ. कोरायला लोण्यासारखा, बिट जास्त टिकतात, धूळही तितकी त्रासदायक नाही. तोटा एवढाच की सोल्डरिंगची बंदूक जरा जास्त वेळ टेकवली की पॅड (भागाचा पाय सोल्डर करायचा तांब्याचा ठिपका) उखडतं. शिकायला एफआर१ घ्या. काचतंतूवर काम करताना नाकावर एन९५ मास्क हवाच, आणि धूळ फुंकर मारून उडवायची नाही. व्हॅक्यूमने ओढायची किंवा ओल्या फडक्याने टिपायची.

डिझाइन मशीनच्या मनाप्रमाणे

कारखान्यात पाठवायचा बोर्ड आणि घरी कोरायचा बोर्ड यांचं डिझाइन एकच असू शकत नाही. उदाहरण म्हणून ६० बाय ४० मिमीचा एक बोर्ड धरू: आठ पायांचा एटीटायनी८५ मायक्रोकंट्रोलर, व्होल्टेज रेग्युलेटर, दोन कपॅसिटर, काही रेझिस्टर आणि बाहेर जोडायला पिन हेडर. कीकॅडमध्ये (बोर्ड डिझाइन करायच्या सॉफ्टवेअरमध्ये) ट्रॅक काढण्याआधी बोर्ड सेटअपमध्ये हे नियम टाका: ट्रॅक किमान ०.५ मिमी, दोन तांब्यांमधलं अंतर किमान ०.३ मिमी, जमेल तिथे ०.४. वीज वाहणारे ट्रॅक १ मिमी किंवा जास्त. ३५ मायक्रॉन तांब्यावर १ मिमी रुंदीचा ट्रॅक दोन अँपियर आरामात वाहतो.

डिप आयसीच्या (भोकांत पाय घालून बसवायच्या आयसीच्या) दोन पायांमधून ट्रॅक न्यायचा मोह सगळ्यांना होतो. हिशेब करून बघा. पायांमधलं अंतर २.५४ मिमी, नेहमीच्या गोल पॅडचा व्यास १.६ मिमी. दोन पॅडमध्ये उरली ०.९४ मिमीची गल्ली. त्यात वरच्या नियमापेक्षा बारीक, ०.४ मिमीचा ट्रॅक घातला तर दोन्ही बाजूंना ०.२७ मिमी. बिटचा चर ०.२ मिमीचा असेल तर हे बसतं, ०.३चा झाला की संपलं. पॅड लांबट करून रुंदी १.४ मिमीवर आणली तर तीच जागा ०.३७ होते, आणि निवांत झोप लागते. पॅड फार लहान मात्र करू नका. भोकाभोवतीचं कडं बारीक राहिलं तर सोल्डर करताना तेच आधी सुटतं.

पृष्ठभागावर बसणाऱ्या भागांमध्ये १२०६ आणि ०८०५ मापाचे रेझिस्टर, पायांमध्ये १.२७ मिमी अंतर असलेले एसओआयसी आयसी, एवढं बिनधास्त करा. ०.८ मिमी अंतराच्या आयसीला मशीन आणि बिट दोन्ही चांगले लागतात. ०.५ मिमीच्या वाटेला सुरुवातीला जाऊ नका.

शक्यतो एकतर्फी बोर्ड करा. सगळे ट्रॅक खालच्या थरावर, भाग वरून. ट्रॅक एकमेकांना आडवे येतील तिथे तारेचा जंपर टाकायचा. तीन-चार जंपर असलेला एकतर्फी बोर्ड हा दुतर्फी बोर्डापेक्षा निम्म्या वेळात होतो. खालच्या थरावर उरलेल्या जागेत ग्राउंडचा भराव टाका. नाहीतरी ते तांबं तिथे राहणारच आहे. बेवारस बेटं म्हणून राहण्यापेक्षा ग्राउंड म्हणून राहू दे. भरावाचं अंतर ०.४ मिमी ठेवा, म्हणजे सोल्डर ओघळून शॉर्ट होणार नाही.

आणखी एक युक्ती. खालच्या थरावर कुठेतरी रिकाम्या जागी एक अक्षर लिहा, बोर्डाचं नाव किंवा तारीख. का, ते लगेच कळेल.

गर्बरपासून जी-कोडपर्यंत

कीकॅडमधून तीन फाइली काढा: खालच्या तांब्याच्या थराची गर्बर (थराच्या चित्राची फाइल), कडेची गर्बर आणि ड्रिलची एक्सेलॉन (भोकांच्या जागांची फाइल). काढण्याआधी बोर्डाच्या डाव्या-खालच्या कोपऱ्यावर ड्रिल ओरिजिन, म्हणजे मापं मोजायचा शून्यबिंदू, ठेवा, आणि गर्बर व ड्रिल या दोन्ही ठिकाणी तोच ओरिजिन वापरायची खूण करा. एकीकडे केली आणि दुसरीकडे विसरलात, तर भोकं बोर्डाच्या बाहेर कुठेतरी पडलेली दिसतील.

पुढचं काम फ्लॅटकॅममध्ये, म्हणजे या फाइलींपासून मशीनला कळणारे आदेश (जी-कोड) बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. तिन्ही फाइली उघडल्यावर पहिला प्रश्न आरशाचा. खालचा थर फाइलमध्ये वरून, बोर्डाच्या आरपार पाहिल्यासारखा असतो. मशीनवर मात्र तांबं वर करून कोरायचं असतं. म्हणून तिन्ही फाइली, ड्रिल आणि कडेसकट, एकाच अक्षाभोवती उलटायच्या. इथे ते अक्षर कामाला येतं: उलटण्याआधी ते उलटं दिसतं, उलटल्यावर सरळ वाचता आलं पाहिजे. सरळ वाचता येत नसेल तर मशीनकडे जाऊ नका. मी एकदा अक्षर न टाकता बोर्ड कोरला आणि तो उलटा निघाला. शेवटी आयसीचे पाय पाठीकडे वाकवून, त्याला उताणा झोपवून बसवला. चालला, पण दिसायला मेलेल्या झुरळासारखा.

आता आयसोलेशन, म्हणजे चराचा मार्ग. इथे सॉफ्टवेअर बिटची रुंदी विचारतं, आणि व्ही-बिटला एक ठरलेली रुंदी नसते. ती खोलीवर अवलंबून असते. टोकाची रुंदी, अधिक खोलीच्या दुप्पट गुणिले अर्ध्या कोनाचा टॅन्जंट. ०.१ मिमी टोकाचा ३० अंशांचा बिट ०.१ मिमी खोल गेला तर चर साधारण ०.१५ मिमीचा, ०.२ खोल गेला तर ०.२१ मिमीचा. तेच ६० अंशांच्या बिटचं बघा: ०.१ खोलीला ०.२२ आणि ०.२ खोलीला ०.३३. म्हणजे उंचीतली ०.१ मिमीची चूक ३० अंशांच्या बिटने निम्म्यावर निभावते. मी म्हणूनच ३० अंश वापरतो. त्याहून निमुळते बिट अजून बारीक कोरतात, पण टोक नाजूक असतं.

पाकिटावर लिहिलेला कोन पूर्ण की अर्धा, याची खात्री नसते. त्यामुळे कागदी हिशेब केल्यावर बोर्डाच्या एका टाकाऊ तुकड्यावर चार सरळ रेघा ०.०५, ०.०८, ०.१ आणि ०.१५ मिमी खोलीने मारा आणि भिंगाखाली मोजा. सॉफ्टवेअरला हीच मोजलेली रुंदी द्या, कारण तिच्यात बिटचं लंगडणंही धरलं गेलेलं असतं.

आता एक सापळा. दोन पॅडमधली गल्ली बिटच्या रुंदीपेक्षा अरुंद असेल, तर फ्लॅटकॅम तिथे चर काढतच नाही आणि अनेकदा तक्रारही करत नाही. दोन पॅड जोडलेलीच राहतात. म्हणून मार्ग तयार झाला की पडद्यावर मोठं करून प्रत्येक आयसीच्या पायांमधून रेघ गेली आहे का ते एकेक करून बघा. पाच मिनिटं लागतात.

एका चराऐवजी दोन किंवा तीन फेऱ्या घ्या, एकमेकींवर थोड्या चढलेल्या. चर ०.४-०.५ मिमीचा होतो आणि सोल्डर करणं फार सोपं जातं. माझे बाकीचे आकडे असे: खोली ०.०८ ते ०.१ मिमी, चाल मिनिटाला १५० मिमी, वर उचलण्याची उंची २ मिमी, स्पिंडल पूर्ण वेगात. तुमच्या मशीनचे थोडे वेगळे असतील.

ड्रिलचे आकार कमी करा. डिझाइनमध्ये ०.७५, ०.८, ०.९, १.०, १.०२ अशी पाच मापं असतील तर त्यांच्यासाठी पाच वेळा बिट बदलायचा नाही. आयसी आणि छोट्या रेझिस्टरला ०.८, पिन हेडर आणि जाड पायांच्या डायोडला १ मिमी, एवढ्यात भागवा. एम३ स्क्रूची ३.२ मिमीची भोकं ड्रिलने न पाडता कडा कापणाऱ्या एंडमिलनेच गोल फिरवून कापा.

बोर्ड पक्का बसवणं

मशीनच्या ॲल्युमिनियम बेडवर आधी एमडीएफचा तुकडा बसवा आणि एंडमिलने त्याचा माथा एकदा पूर्ण सपाट करून घ्या. आता हा माथा तुमच्या मशीनच्या चालीला समांतर झाला.

बोर्ड कडेच्या क्लॅम्पने दाबला तर मध्यभागी कमानीसारखा उचलला जातो. बोर्डाच्या पाठीला आणि एमडीएफला दोन्हीकडे साधी कागदी चिकटपट्टी लावायची, सगळ्या जागेवर, पट्ट्या एकमेकींवर चढू न देता. मग एका पट्टीवर सुपरग्लूचे थेंब टाकून बोर्ड तिच्यावर दाबून धरायचा. गोंद पट्टीला पट्टी चिकटवतो, बोर्ड आणि लाकूड दोन्ही स्वच्छ राहतात. काम झालं की पातेल्याच्या कडेखाली उलथनं घालावं तशी पातळ पट्टी सरकवून उचलायचा. जाड फोमचा दुतर्फी टेप टाळा. तो बिटखाली दबतो आणि खोली बदलते.

शून्य आणि उंचीचा नकाशा

तांबं वीज वाहतं, बिटही वाहतो. म्हणजे बोर्ड स्वतःच स्पर्शाचा सेन्सर आहे. जीआरबीएलच्या कंट्रोलरवर प्रोबच्या (स्पर्श ओळखायच्या) दोन पिना असतात. एका पिनेची मगर-क्लिप बिटच्या दांड्याला, दुसरीची बोर्डाच्या कोपऱ्यावरच्या तांब्याला. स्पिंडलच्या अंगाला क्लिप लावून भागवू नका, बेअरिंगमधून वीज नीट जाईलच असं नाही.

मशीन खाली न्यायच्या आधी हाताने चाचणी घ्या: बिटची क्लिप काढून तांब्याला टेकवा आणि सॉफ्टवेअरमध्ये प्रोबची खूण उजळते का बघा. उजळली नाही तर तार तुटली आहे, आणि तुटक्या तारेवर प्रोब चालवला की मशीन बोर्ड लागला आहे हे न समजता खाली जात राहतं. टिक असा आवाज येतो. तो बिटच्या टोकाचा असतो.

खूण नीट असेल तर बिट बोर्डाच्या डाव्या-खालच्या कोपऱ्यावर आणा आणि एक्स व वायचं शून्य तिथे ठेवा. झेडचं शून्य प्रोबने घ्या, जी३८.२ हा आदेश त्यासाठीच आहे. शून्य जी५४ या कंट्रोलरमधल्या जागेत साठवा. ते मशीन बंद केलं तरी लक्षात राहतं. जी९२ ने दिलेलं शून्य रीसेटबरोबर जातं.

आता नकाशा. कँडल, बीसीएनसी किंवा तत्सम सॉफ्टवेअरमध्ये जी-कोडची फाइल उघडा आणि हाइट मॅपची सोय निवडा. आपल्या ६० बाय ४० च्या बोर्डला दर १० मिमीला एक बिंदू घेतला तर सात गुणिले पाच, पस्तीस बिंदू होतात. वर उचलायची उंची २ मिमी, उतरण्याची चाल मंद. बिट प्रत्येक बिंदूवर उतरतो, टेकतो, उचलतो. हे बघत बसण्यात मला अजूनही मजा येते. शेवटी पडद्यावर बोर्डाची टेकडी-दरी दिसते. सॉफ्टवेअर मग चराच्या प्रत्येक तुकड्याला तिथल्या उंचीप्रमाणे वर-खाली करतं.

नकाशातले आकडे वाचायला शिका. आकडे एका बाजूला हळूहळू चढत असतील तर बेड कलता आहे, हरकत नाही. मध्ये फुगवटा असेल तर चिकटवणं कमी पडलंय. शेजारचे दोन बिंदू ०.१ मिमीने उडी मारत असतील, तर तो बोर्डाचा आकार नव्हे: तांब्यावर घाण आहे किंवा क्लिपचा संपर्क जातोय. तांबं बारीक पॉलिश पेपरने घासा, अल्कोहोलने पुसा, पुन्हा मोजा. एकूण फरक ०.५ मिमीच्या वर असेल तर नकाशावर भिस्त न ठेवता बोर्ड उचलून पुन्हा चिकटवा.

दोन चुका इतक्या सर्रास होतात की त्या मशीनसमोर कागदावर लिहून लावाव्यात. पहिली: नकाशा मोजला, पण “हाइट मॅप वापरा” या चौकटीत खूण करायची राहिली. मशीन सपाट बोर्ड समजून कोरत सुटतं. दुसरी: बिटवरची क्लिप काढायची राहिली आणि स्पिंडल सुरू झाला. माझ्या मशीनची प्रोबची तार एका सेकंदात दांड्याभोवती गुंडाळली गेली आणि कंट्रोलरची पिन मुळासकट उपटून आली. तेव्हापासून क्लिपला मी भडक लाल रिबीन बांधली आहे, ती दिसत असेपर्यंत स्टार्टला हात लावायचा नाही.

कोरताना काय बघायचं

सुरू केल्यावर पहिली दोन मिनिटं मशीनपाशीच उभे राहा, एक हात बंद करायच्या बटणावर. डोळ्यांना चष्मा हवा.

चर बरोबर कोरला जात असेल तर रेघेच्या तळाशी बोर्डाचा पिवळट-करडा रंग सलग दिसतो. तळाशी तांब्याची चमक मधूनमधून दिसत असेल तर खोली कमी आहे. बाहेर येणारा चुराही सांगतो: लालसर बारीक भुकटी आणि थोडी फिकट धूळ, हे ठीक. नुसती फिकट धूळ ढीगभर येत असेल तर बिट तांब्याच्या फार खाली जाऊन बोर्ड खातोय. तांब्याचे केसासारखे लांब धागे कडेला लोंबत असतील तर बिट बोथट आहे किंवा टोक मोडलं आहे. आवाज सारखा बारीक असावा. तो कर्कश झाला की थांबवा.

खोली कमी वाटली तर फाइल पहिल्यापासून करायची गरज नाही. बोर्ड न उचलता झेडचं शून्य ०.०२ मिमी खाली घ्या आणि तीच फाइल पुन्हा चालवा. घाबरून एकदम ०.१ मिमी खाली जाऊ नका. रेघा रुंद होतील, बारीक ट्रॅक आणखी बारीक होतील.

काही जण तांब्यावर मशीन तेलाचा पातळ हात फिरवतात. धूळ उडत नाही आणि कडाही गुळगुळीत येतात. मीही करतो, पण नकाशा घेऊन झाल्यावर.

भोकं आणि कडा

चर झाल्यावर बोर्ड हलवायचा नाही आणि एक्स-वायचं शून्य बदलायचं नाही. बिट बदला, आणि फक्त झेडचं शून्य नव्याने घ्या, कारण नवीन बिटची लांबी वेगळी. कोलेट आवळताना एक हात स्पिंडलला द्या. पान्याच्या झटक्याने एक्स अक्ष एक पाऊल सरकला की सगळी भोकं पॅडच्या कडेला पडतात.

कार्बाइड ड्रिल आडवा धक्का अजिबात सोसत नाही. सरळ खाली उतरण्याची चाल मिनिटाला ६० मिमीच्या आसपास, खोली १.६ मिमीच्या बोर्डला १.८ ते २. एमडीएफ खाली आहेच. मशीनपाशी येऊन पहिलं भोक बघा. ते पॅडच्या मधोमध असेल तर पुढे जाऊ द्या.

कडा कापायला एंडमिल लावा. एका दमात आरपार नाही, तर दर फेरीला ०.४ मिमी. चार बाजूंना प्रत्येकी एक-दीड मिमीचा पूल सोडा. नाहीतर शेवटच्या फेरीत बोर्ड सुटून बिटच्या तोंडी जातो, आणि अर्ध्या तासाच्या कामाला कोपऱ्यावर चावा बसतो. पूल नंतर कटरने तोडा आणि कड कानसीने घासा.

दुतर्फी बोर्ड लागलाच तर

खरी अडचण दोन्ही बाजू जुळवण्याची. बोर्डाच्या बाहेर, उलटायच्या अक्षाच्या दोन्ही बाजूंना समान अंतरावर दोन-तीन भोकं पाडा, बोर्डातून आरपार एमडीएफमध्येही काही मिलिमीटर. त्याच जाडीच्या पिना, उदाहरणार्थ जुन्या ड्रिलचे ३.१७५ मिमीचे दांडे, त्यांत बसवा. एक बाजू झाली की बोर्ड उचलून उलटा आणि त्याच पिनांवर बसवा. फ्लॅटकॅममधलं दुतर्फी बोर्डाचं साधन ही भोकं स्वतः काढून देतं. शून्य हलवायचं नाही, उंचीचा नकाशा मात्र दुसऱ्या बाजूसाठी नवा घ्यायचा. वरची-खालची बाजू जोडणाऱ्या भोकांत तारेचा तुकडा घालून दोन्हीकडून सोल्डर करा. म्हणून अशी भोकं आयसीच्या पोटाखाली ठेवू नका.

बोर्ड हातात आल्यावर

तांब्याच्या कडांना बर (कापताना उरलेली खरखरीत कोर) राहते. हिरव्या घासणीने किंवा सहाशे नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्याखाली हलक्या हाताने घासा, टूथब्रशने चरांतला चुरा काढा, वाळवा. लोखंडी काथ्या वापरू नका. त्याचे केस चरात अडकतात आणि मग दोन दिवस शॉर्ट शोधत बसता.

आता बोर्ड उजेडासमोर धरा. एफआर४ अर्धपारदर्शक असतो, चर उजळ रेघांसारखे दिसतात आणि जिथे तांब्याचा धागा राहिला आहे तिथे रेघ तुटलेली दिसते. तिथे धारदार कटरचं टोक एकदा ओढलं की काम होतं. मग मल्टिमीटर बझरवर: पुरवठा आणि ग्राउंड, आयसीचे शेजारशेजारचे पाय, प्रत्येक ट्रॅकचं एक टोक ते दुसरं टोक. भाग लावण्याआधी हे करायचं, नंतर भागांमधून वाट मिळून मीटर फसवतो.

सोल्डर मास्क नसल्याने फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारा पदार्थ) सढळ हाताने लावा आणि टोक बारीक वापरा. ग्राउंडच्या भरावाला जोडलेली पॅड उष्णता ओढून घेतात, तिथे बंदूक थोडी जास्त वेळ धरावी लागते. एफआर१ असेल तर दोन सेकंदांत न जमल्यास उचला, गार होऊ द्या, पुन्हा. सोल्डरिंगनंतर फ्लक्स अल्कोहोलने धुवा आणि लगेच अल्कोहोलमध्ये विरघळवलेल्या राळेचा किंवा पारदर्शक लाखेचा हात द्या, नाहीतर उघडं तांबं काही आठवड्यांत काळवंडतं. अतिनील प्रकाशाने वाळणारा सोल्डर मास्क लावायचा असेल तर तो भाग बसवण्याआधी, पॅड मोकळी ठेवून.

पहिल्यांदा वीज देताना आयसी सॉकेटमधून काढून ठेवा आणि पुरवठ्याची मर्यादा ५० मिलिअँपियरवर लावा. एटीटायनीच्या सॉकेटमध्ये आठव्या पायावर पाच व्होल्ट आणि चौथ्यावर शून्य आले, की मगच आयसी बसवा.